कोकणातला घरचा कॉम्प्युटर: अपग्रेड आणि दुरुस्तीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालवण, देवगड, रत्नागिरी, गुहागर, दापोली अशा ठिकाणांहून लोक जे विचारतात, ते मी गेली काही वर्षं वहीत टिपून ठेवतोय. गर्दी दोनदा होते, मिरग लागला की आणि गणपती झाले की. प्रश्न बरेचदा तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली. शहरातल्या सल्ल्यांचा सूर असतो की मशीन जुनं झालं, बदला. आपल्याकडे मशीन जुनं होण्याआधी सादळतं. नव्या वस्तूवर पैसे घालण्याआधी ओल आणि वीज तपासा, हे मी जवळजवळ प्रत्येकाला सांगतो आणि इथेही तेच पुन्हा पुन्हा येईल. किमती लिहिलेल्या नाहीत, त्या महिन्यागणिक हलतात.

१. कॉम्प्युटर सहा वर्षांचा आहे. सुरू व्हायलाच पाच मिनिटं घेतो. नवाच घेऊ का?

बहुतेक वेळा गरज नसते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यातलं 'परफॉर्मन्स' पान उघडून नेहमीचं काम करत राहा आणि दहा मिनिटं आकडे बघा. डिस्क १०० टक्क्यांवर अडकलीय आणि प्रोसेसर मात्र निवांत आहे, असं दिसलं तर आत फिरती हार्ड डिस्क आहे आणि तीच सगळ्यांना थांबवतेय. उपाय एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क (प्रश्न २). मेमरी ८५-९० टक्के भरलेली राहत असेल तर रॅम वाढवा (प्रश्न ३). प्रोसेसरच सतत वर असेल तर विंडोजचं अपडेट किंवा अँटिव्हायरस मागे चालू आहे का ते पाहा. तसं काही नसेल तर मशीन तापतंय (प्रश्न १४).

एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे फरक कशाने पडला ते कळेल. मदरबोर्डच गेलेला असेल आणि रॅम डीडीआर३ असेल, तर मात्र त्यात पैसे घालू नका.

२. एसएसडी कोणती घ्यायची? दुकानदार दोन-तीन प्रकार दाखवतो.

घरात साधारण दोन प्रकार लागतात. एक अडीच इंची चपटी डबी, साटा केबलवर चालणारी. दुसरी च्युइंगगमच्या पट्टीसारखी, थेट मदरबोर्डवर बसणारी, तिला एम.२ म्हणतात. फिरती डिस्क सेकंदाला १०० ते १५० एमबी वाचते, साटा एसएसडी ५५० पर्यंत जाते आणि एनव्हीएमई या जास्त वेगवान प्रकारची एम.२ पट्टी ३००० च्याही पुढे. पण घरच्या वापरात जाणवतो तो फरक वेगळाच असतो. फिरत्या डिस्कला एखादी छोटी फाइल शोधायला दहा मिलिसेकंदांच्या आसपास लागतात, एसएसडीला त्याचा शंभरावा हिस्सा. विंडोज सुरू होताना अशा हजारो छोट्या फाइल वाचल्या जातात. त्यामुळे साटावरून एनव्हीएमईवर गेल्याचं फारसं कळत नाही, फिरत्या डिस्कवरून साटावर गेल्याचं मात्र घरातल्या आजीलाही कळतं.

फसायची जागा एम.२ मध्ये आहे. खाच सारखी दिसते, पण काही बोर्डांची खाच फक्त साटा पट्टी घेते, काहींची फक्त एनव्हीएमई, काहींची दोन्ही. बोर्डाच्या पुस्तिकेत बघितल्याशिवाय पट्टी विकत घेऊ नका. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या किंवा त्याआधीच्या बोर्डावर वेगळं कार्ड लावून एनव्हीएमई बसवली, तरी बहुतेक वेळा तिच्यावरून विंडोज सुरू होत नाही. तिथे साटाच घ्या. २५६ जीबी चालून जाते, ५१२ मध्ये मोकळं वाटतं. जुनी हार्ड डिस्क धडधाकट असेल तर फोटो-व्हिडिओंसाठी आतच राहू द्या.

३. रॅम किती हवी आणि माझ्या मशीनला कोणती बसेल?

ब्राउझर, वर्ड, मुलांचे ऑनलाइन वर्ग एवढ्याला ८ जीबी पुरते. फोटो-व्हिडिओचं काम असेल तर १६. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या पट्ट्यांची खाच वेगवेगळ्या जागी असते. एकीच्या जागी दुसरी बसत नाही, जोर लावून बसवायची तर नाहीच. लॅपटॉपची पट्टी आखूड असते. पुष्कळ पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच डाखलेली असते, तिथे वाढवायला जागाच नसते, म्हणून आधी मॉडेल नंबर बघा. विंडोज ३२ बिटचं असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम वापरातच येत नाही. अशा वेळी ६४ बिटचं विंडोज नव्याने टाकावं लागतं.

एक सावधगिरी. डीडीआर३ च्या ८ जीबीच्या फार स्वस्त पट्ट्या ऑनलाइन मिळतात. त्यातल्या काही फक्त एएमडीच्या बोर्डावर चालतात आणि इंटेलवर पडदा काळा राहतो. वर्णनातलं बारीक अक्षर वाचा.

४. विंडोज १० बंद झालं म्हणतात. आता कॉम्प्युटर चालणारच नाही का?

चालेल. १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट देणं थांबवलं, एवढाच त्याचा अर्थ. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची सोय जाहीर झाली ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणी करता येते. बँकेचे व्यवहार त्याच मशीनवर करत असाल तर हे टाळू नका.

विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा एएमडी रायझन २००० मालिकेचा प्रोसेसर (थोडे अपवाद आहेत), ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० या सुरक्षेच्या सोयी लागतात. यातलं काही नसलेल्या मशीनवर आडमार्गाने विंडोज ११ टाकून देणारे भेटतात. ते चालतंही, पण पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. दुकानाचे हिशेब असलेल्या मशीनवर मी ते करत नाही.

जुन्या मशीनवर फक्त इंटरनेट आणि पत्रं लिहायची असतील तर लिनक्स मिंट हा प्रामाणिक पर्याय आहे. तो मोफत आहे आणि त्यात मराठी टाइपही करता येतं. पण टॅली, डिजिटल सहीचं टोकन आणि काही प्रिंटर तिथे अडतात. आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा, आतल्या विंडोजला धक्का लागत नाही.

५. माझा प्रोसेसर आठव्या पिढीचा आहे, तरी 'विंडोज ११ चालणार नाही' असं येतं. का?

बहुधा टीपीएम आहे, पण बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, बोर्डातल्या सेटिंगमध्ये) बंद आहे. इंटेलच्या बोर्डावर ते पीटीटी नावाने असतं, एएमडीवर एफटीपीएम. ते चालू करा आणि पुन्हा तपासा. तरी अडलं तर डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीने आखलेली असणार, विंडोज ११ ला जीपीटी ही नवी आखणी आणि यूईएफआय ही मशीन सुरू करण्याची नवी पद्धत हवी. विंडोज १० मध्येच डेटा न पुसता हा बदल करणारी सोय आहे, तरीही आधी प्रत काढा (प्रश्न १६). डिस्क जीपीटी करण्याआधीच बायोसमध्ये यूईएफआय लावलं तर मशीन सुरूच होत नाही आणि माणूस घाबरतो. तसं झालं असेल तर बायोसमधला तो एक पर्याय मागे फिरवा, सगळं परत येतं.

६. पावसाळ्यात कॉम्प्युटर दगा देतो, दिवाळीनंतर आपोआप बरा होतो. असं कसं?

हा सगळ्यात आपला प्रश्न, म्हणून सविस्तर सांगतो. स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीकडे बघा. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्याला पाणी सुटतं. किनाऱ्यावर खारा वारा वर्षभर वाहतो, आणि त्यातलं मीठ धुळीबरोबर मदरबोर्डवर, रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर, केबलच्या टोकांवर बसतं. ऊन असेपर्यंत ते कोरडं राहतं आणि काही करत नाही. जून ते सप्टेंबर आर्द्रता त्या आकड्याच्या वरच असते. मग बोर्डावरच्या त्या थराला पाणी सुटतं, त्यातून थोडी वीज नको तिथे वाहते आणि धातू गंजायला लागतो. दिवाळीनंतर थर सुकतो आणि मशीन चालतं. पण मीठ तिथेच असतं, आणि दर पावसाळ्यात थोडा थोडा धातू जातो.

म्हणून साफसफाई आगोटीच्या कामांत धरा. घर शाकारतो, लाकडं भरतो, त्याच आठवड्यात सीपीयूचं झाकण उघडा. प्लग काढा, पॉवरचं बटण दाबून उरलेली वीज जाऊ द्या. मऊ ब्रश आणि हातातला ब्लोअर वापरा. रॅम काढून तिचे सोनेरी दात ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडाने पुसा. सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. केबलची टोकं एकदा काढून परत घाला.

पाऊस सुरू झाला की मशीन रोज तासभर चालवा. आतली ऊब हीच ओलीवर सगळ्यात स्वस्त औषध आहे. पावसात महिनाभर बंद राहिलेलं मशीन माझ्याकडे हमखास येतं, रोज चालणारं क्वचित. आणि मशीन समुद्राकडच्या खिडकीपाशी ठेवू नका. ओटीवर हवा छान येते, पण मीठही तिथेच येतं. माजघरातली भिंतीपासून वीतभर सोडलेली जागा चांगली.

७. कॉम्प्युटर चालू होता, फॅन फिरता, पण स्क्रीनवर कायच दिसना नाय. काय करूचा?

आधी मॉनिटरची केबल दोन्हीकडून काढून घाला आणि मॉनिटरला योग्य इनपुट निवडलाय का ते पाहा. वेगळं ग्राफिक कार्ड असेल तर केबल त्याच कार्डाला हवी. मग प्लग काढून रॅम बाहेर घ्या, प्रश्न ६ मध्ये सांगितल्याप्रमाणे दात पुसा आणि 'टक्' आवाज येईपर्यंत दोन्ही बाजूंनी दाबून बसवा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. आपल्याकडच्या 'डिस्प्ले नाही' तक्रारींत हा उपाय मला सगळ्यात जास्त लागू पडलेला दिसतो. काही जण खोडरबर वापरतात. अडचणीच्या वेळी ठीक आहे, पण त्याने सोन्याचा मुलामा झिजतो आणि रबराचा चुरा आत पडतो. दरवर्षी करू नका.

मशीन 'बीप' करत असेल तर बीप मोजून लिहून ठेवा. त्यांचा अर्थ बायोसच्या कंपनीप्रमाणे बदलतो आणि दुरुस्ती करणाऱ्याचा अर्धा वेळ त्या आकड्याने वाचतो.

८. तारीख सारखी मागे जाते आणि वेबसाइट 'सुरक्षित नाही' म्हणते. व्हायरस आहे का?

नाही. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा नाण्यासारखा ३ व्होल्टचा सेल संपलाय. तारीख चुकली की वेबसाइटचं प्रमाणपत्र मुदतीबाहेरचं वाटतं आणि ब्राउझर अडवतो. घड्याळाच्या दुकानातही हा सेल मिळतो. बदलल्यावर तारीख लावा. नवा सेल काही महिन्यांत संपला तर बोर्डावर ओल आहे, प्रश्न ६ कडे वळा.

९. लाइट सारखी जाते. यूपीएस घ्यावा की घरच्या इन्व्हर्टरवर चालेल?

फक्त काम सेव्ह करून बंद करायचं असेल तर ६०० व्हीएचा यूपीएस. एक डेस्कटॉप आणि मॉनिटर त्यावर दहा-पंधरा मिनिटं निघतात. त्यातली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते, यूपीएस फेकायचा नसतो. लेझर प्रिंटर त्यावर जोडू नका, तो एकदम जास्त वीज ओढतो. तासन्‌तास काम करायचं असेल तर इन्व्हर्टर, शक्यतो साइन वेव्ह. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, त्याला यूपीएसची गरज नाही. राउटरला मात्र छोटा यूपीएस लावा, नाहीतर लॅपटॉप चालू आणि नेट बंद अशी गत होते.

१०. इन्व्हर्टर आहे, तरी लाइट गेली की कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो. इन्व्हर्टर खराब आहे का?

बहुतेक वेळा तो चांगला असतो. इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' (कुठे 'इको') असा खटका असतो. नॉर्मलमध्ये बॅटरीवर यायला जो वेळ लागतो तो पंख्याला चालतो, कॉम्प्युटरला नाही. एसएमपीएस (कॉम्प्युटरमधली वीज पुरवणारी डबी) वीज नसताना साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो. खटका यूपीएसवर टाका.

अपवाद इथेच आहे. यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर साधारण १८० ते २६० व्होल्ट एवढाच पुरवठा स्वीकारतो. लाइनच्या टोकाला असलेल्या वाड्यांत संध्याकाळी दाब १७० वर येतो, मग इन्व्हर्टर लाइट असूनही बॅटरीवर जातो आणि रात्री बॅटरी रिकामी. तिथे खटका नॉर्मलवरच ठेवा आणि कॉम्प्युटरपुरता वेगळा यूपीएस लावा.

आणि आधी चालत होतं, आता वर्षभरातच रिस्टार्ट व्हायला लागलं असेल, तर एसएमपीएसमधले कपॅसिटर थकले आहेत. त्याची तग धरायची ताकद कमी झालीय. एसएमपीएस बदला.

११. स्पाइक बोर्ड लावलाय. विजा चमकताना कॉम्प्युटर चालू ठेवला तर चालेल ना?

नाही. स्पाइक बोर्डातला छोटा भाग लहानसहान उसळ्या शोषतो आणि प्रत्येक उसळीबरोबर झिजतो. दिवा लागलाय म्हणजे संरक्षण शाबूत आहे असं धरू नका. जवळ पडलेल्या विजेपुढे त्याचं काही चालत नाही. वळवाच्या मे महिन्यात आणि परतीच्या पावसात ऑक्टोबरला आपल्याकडे सगळ्यात जास्त मशीन जातात, भर जुलैत त्या मानाने कमी.

खटका बंद करणं पुरत नाही, प्लग उपसा. नेटची केबलही काढा. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, हे खरं. पण राउटरचा अडॅप्टर विजेवर असतो आणि राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंतची केबल तांब्याची असते. कॉम्प्युटरचा मॉनिटर सेट-टॉप बॉक्सला जोडला असेल तर छपरावरच्या छत्रीची तारही आलीच. हे सगळं ढग गडगडायच्या आधी करा. गडगडाट डोक्यावर आल्यावर तारांना हात लावू नका, मशीन गेलं तरी चालेल. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप २० आणि ४० किलोमीटरच्या परिघातल्या विजांची सूचना देतं. ते फोनमध्ये असू द्या.

१२. सीपीयूच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. धोकादायक आहे का?

अर्थिंग नाही, हे त्यातून कळतं. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमुळे अर्थिंगशिवाय पत्र्यावर साधारण निम्मा दाब तरंगत राहतो. प्रवाह अगदी थोडा असतो म्हणून फक्त झिणझिण्या येतात. पण उद्या आत खरीच तार सुटली तर तीच जागा जीवघेणी ठरेल. ओल्या जमिनीवर अनवाणी पायांनी मशीनला हात लावू नका.

आपल्याकडे सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या पठारावरच्या, घरांत अर्थिंग मुळातच कठीण. जांभा कोरडा पडला की वीज जमिनीत नीट जात नाही. खड्डा खोल हवा, कोळसा-मीठ भरलेला हवा, आणि एप्रिल-मेमध्ये त्यात आठवड्यातून एक-दोनदा बादलीभर पाणी ओतायला हवं. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. बोर्डातच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देणारे भेटतात. तसं कधीही करू देऊ नका, न्यूट्रल तुटला की पत्र्यावर पूर्ण दाब येतो.

न्यूट्रल तुटल्याची खूण लक्षात ठेवा. बल्ब एकदम भगभगतात, पंखे जोरात फिरतात. तीन फेजच्या लाइनवर अशा वेळी घरात ४०० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. लगेच मेन स्विच पाडा आणि महावितरणला कळवा. कॉम्प्युटर त्यात गेला असेल तर आधी दुसरा एसएमपीएस लावून बघा. अनेकदा तोच मार झेलून मरतो आणि आतलं सगळं वाचतं.

१३. सीपीयूमध्ये मुंग्या झाल्या आहेत. एकदा पालही मिळाली. औषध मारू का?

आत कधीच मारू नका. फवाऱ्यातलं तेल बोर्डावर बसतं आणि ते पेटतं. पावसात कोरडी, उबदार जागा दुसरी नसते म्हणून त्या येतात. मागच्या रिकाम्या पट्ट्यांना पत्र्याची झाकणं लावा, मोठ्या भोकांना बारीक जाळी लावा, टेबलाच्या पायांभोवती मुंग्यांच्या खडूची रेघ ओढा. अंडी असतील तर ब्लोअर आणि ब्रश. पाल एसएमपीएसच्या आत मेली असेल तर तो घरी उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली राहते.

१४. पंखा फार आवाज करतो आणि मशीन मध्येच बंद पडतं.

जांभ्याची तांबडी धूळ आणि दमट हवा मिळून पंख्याखालच्या पत्र्यांत लगदा होतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरा, नाहीतर तो वाऱ्याने गरगर फिरून बिघडतो. तीन-चार वर्षांत प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (उष्णता पुढे नेणारी) बदलली नसेल तर ती बदला. तुरीच्या दाण्याएवढी पुरते.

१५. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येतो. अजून किती चालेल?

हे कोणालाच सांगता येणार नाही, म्हणून आत्ता हे वाचायचं थांबवा आणि आधी महत्त्वाचं दुसरीकडे उतरवा. विंडोजला डिस्क दुरुस्त करायला लावू नका, त्या ताणाने ती पूर्ण जाते. आवाज नाही, पण शंका आहे, अशा वेळी क्रिस्टल डिस्क इन्फो हा मोफत प्रोग्रॅम चालवा. 'रीअलोकेटेड' किंवा 'पेंडिंग' सेक्टरचा आकडा वाढत असेल तर डिस्क बदलायची वेळ झाली.

१६. बॅकअप नेमका कसा ठेवू? पेनड्राइव्हवर ठेवलाय.

पेनड्राइव्ह ने-आण करायला ठीक, साठवायला नाही. एक प्रत कॉम्प्युटरमध्ये, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक घराबाहेर. तिसरी प्रत लोकांना चैन वाटते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्यानंतर माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाचा कॉम्प्युटर आणि बॅकअपची डिस्क एकाच कपाटाच्या खालच्या खणात होती. लग्नाचे, बारशाचे, वारलेल्या आजोबांचे सगळे फोटो त्या दोन डिस्कवर. मला त्यातलं फार थोडं परत देता आलं, आणि ते अजून मनात सलतं. तिसरी प्रत मुंबईच्या नातेवाइकाकडे ठेवा किंवा नेटवरच्या साठवणीत ठेवा. घरातली डिस्क माळ्याजवळच्या उंच फळीवर, सिलिका जेल घातलेल्या घट्ट डब्यात.

१७. नव्या कॉम्प्युटरवर जुन्या मराठी फाइल उघडल्या तर भलतीच अक्षरं दिसतात.

फाइल खराब झालेली नाही. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या फाँटमध्ये आत इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक असतात, फाँट फक्त त्यावर देवनागरी आकार चढवतो. फाँट नसला की मूळ अक्षरं उघडी पडतात. जुनं मशीन फॉर्मॅट मारण्याआधी त्यातले असे फाँट कॉपी करून घ्या आणि महत्त्वाच्या फाइल पीडीएफ करून ठेवा. युनिकोडमध्ये (मराठी अक्षरांना स्वतःचे क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीत) बदलणारे कन्व्हर्टर मिळतात, पण बदलल्यावर रफार, जोडाक्षरं आणि आकडे डोळ्यांनी तपासा. सोसायटीच्या इतिवृत्तात किंवा जमिनीच्या कागदात एक आकडा चुकला तरी महागात पडतं. पुढचं सगळं युनिकोडमध्येच लिहा. विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून मराठीचा उच्चारानुसार चालणारा कळफलकही आत आहे.

१८. राउटर ओटीवर आहे, माजघरात नेट येत नाही. मोठा प्लॅन घेऊ का?

प्लॅनने फरक पडणार नाही. जांभ्याच्या चिऱ्यांची जाड भिंत लहरी अडवते आणि पावसात भिजलेली भिंत आणखी अडवते. राउटर दोन नावं दाखवत असेल तर माजघरात ५ गिगाहर्ट्‌झ सोडून २.४ वापरा, ती भिंतीतून जास्त जाते. तरी नाही आलं तर केबल ओढून आत दुसरा राउटर लावा. पत्र्याच्या छपराखाली अगदी वर राउटर टांगू नका.

१९. बायोस अपडेट केलं आणि आता मशीन ४८ आकडी की मागतंय. आम्ही तर कुठलाच पासवर्ड लावला नव्हता.

विंडोज ११ च्या अनेक मशीनवर, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते. बायोस अपडेट केलं, टीपीएम बदललं किंवा मदरबोर्ड बदलला की ती किल्ली विचारली जाते. फोनवरून त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात जा, तिथे 'डिव्हाइस'खाली रिकव्हरी की सापडते. मशीन घेऊन देणाऱ्याने स्वतःच्या ईमेलने खातं उघडलं असेल तर की त्याच्याकडे आहे, त्याला गाठा. की कुठेच नसेल तर डेटा परत मिळवण्याचा मार्ग नाही, मीही काही करू शकत नाही. म्हणून कुठलंही अपग्रेड करण्याआधी की कागदावर लिहून घ्या.

२०. स्क्रीनवर 'तुमच्या कॉम्प्युटरला व्हायरस, या नंबरवर फोन करा' आलं. भोंगाही वाजतो.

फोन करू नका. ते फक्त वेबपान आहे. टास्क मॅनेजरमधून (प्रश्न १) ब्राउझर बंद करा. फोन करून कुणाला मशीन हाताळायला दिलं असेल तर लगेच नेट तोडा, बँकेला कळवा आणि १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार करा. जितक्या लवकर, तितके पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. लाज वाटून दोन दिवस गप्प बसलेली माणसं मी पाहिली आहेत. यात लाजण्यासारखं काही नाही.

२१. पुराचं पाणी सीपीयूत गेलं. उन्हात सुकवून चालू करू का?

सुकलेला दिसला तरी चालू करू नका. विम्यासाठी हात लावण्याआधी फोटो काढा. मग लॅपटॉपची बॅटरी आणि बोर्डावरचा सेल काढा. गाळ बसलेला बोर्ड आधी स्वच्छ पाण्याने धुवायचा असतो, हे ऐकून लोक दचकतात. पण वीज नसलेल्या बोर्डाचं वाईट गाळ आणि मीठ करतात, स्वच्छ पाणी नाही. त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल ओता आणि सावलीत पंख्यासमोर चार-पाच दिवस ठेवा. तांदळात पुरल्याने काही होत नाही, पीठ मात्र आत जातं. मे २०२१ च्या तौक्ते वादळासारखं समुद्राचं पाणी शिरलं असेल तर पहिले काही तास मोलाचे, खारं पाणी सुकू द्यायच्या आत धुवा. पाण्यात बुडालेला एसएमपीएस आणि यूपीएस पुन्हा वापरू नका.

हार्ड डिस्क वेगळी. बहुतेक डिस्कना हवेसाठी बारीक छिद्र असतं आणि त्यातून पाणी आत जातं. ती सुकवू नका, चालवूही नका. ओली असेल तशीच पिशवीत बंद करून डेटा परत मिळवणाऱ्यांकडे पाठवा.

२२. आम्ही मुंबईला असतो. गावच्या घरातला कॉम्प्युटर गणपती आणि मे महिना सोडून बंदच असतो. काय काळजी घेऊ?

शक्य असेल तर डेस्कटॉपऐवजी लॅपटॉप ठेवा आणि जाताना बरोबर न्या. डेस्कटॉपच असेल तर त्याला प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नका. आतली ओल आतच राहते आणि रात्री गार झाल्यावर बोर्डावर दव धरतं. सुती चादर टाका, जमिनीपासून वर ठेवा, सगळे प्लग काढा.

एसएसडीवर एकुलती एक प्रत ठेवून जाऊ नका. भरपूर वापरून झालेली एसएसडी विजेशिवाय ३० अंश तापमानात एक वर्ष डेटा धरून ठेवील, एवढीच अपेक्षा तिच्या मानकात धरलेली आहे, आणि बंद घर मे महिन्यात त्याहून तापतं. यूपीएसची बॅटरीही महिनोन्‌महिने चार्जिंगविना पडली की मरते. शेजारी विश्वासाचे असतील तर किल्ली देऊन महिन्यातून एकदा दोन-तीन तास दोन्ही चालू करायला सांगा.

गणपतीला आलात की उतरल्या उतरल्या बटण दाबू नका. झाकण काढून मशीन दिवसभर टेबल फॅनसमोर ठेवा, रॅम काढून पुसा, सुरू दुसऱ्या दिवशी सकाळी करा. तारीख चुकलेली दिसली तर प्रश्न ८, पडदा काळा राहिला तर प्रश्न ७.